एका शालीच्या निमित्तानें



महोत्सवाच्या स्मरणिकेंत इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे धर्मग्रामाची स्थापना कशी झाली, मंदिर कोणीं बांधलें, घंटा कोठून आणिली, कोणकोणते धर्मगुरु येऊन गेले, ह्यांची नोंद करावयाची अशी रीत आहे. ती रीत चांगली आहे. परंतु ज्या वस्तूंनीं आपलें मंदिर दररोज उपासनेस सिद्ध होतें, त्या वेदीवरील वस्त्राचा, त्याच्या कांठाच्या जाळीचा, पवित्र मातेच्या मूर्तीवरील ओढणीचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाहीं. तो लिहिण्याची बुद्धि मला ह्या वर्षीं झाली, व तिला निमित्त झाली एक शाल.

ही शाल आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिली आहे. नेरे येथील आपल्या एका वृद्ध मावशींनीं महोत्सवाच्या दिवशीं पवित्र मरियेच्या मूर्तीच्या खांद्यांवर घालावी म्हणून ती पांढऱ्या लोकरीची जाळीदार शाल हातानें विणावयास घेतली. ५ टाक्यांनीं आरंभ करावयाचा, दर दोन ओळींस ४ टाके वाढवीत जावयाचें, आणि ४०१ टाके झाले म्हणजे थांबून कांठास लागावयाचें, असा तिचा हिशेब होता. म्हणजे ओळी झाल्या १९८. मीं एकदां कागदावर गुणाकार केला, तेव्हां नुसत्या मधल्या भागाचेच ४०,००० हून अधिक टाके भरले. दिवसां घरचें काम, रात्रीं डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून तिन्हीसांजेपूर्वींचा एक तास त्यांनीं ह्या कामास दिला होता. तोही घरांत कोणी आजारी नसेल तर.

ओळी तीसेक उरल्या असतांना एके दिवशीं त्यांना दिसलें कीं, ११ ओळी खालीं एक टाका सुईवरून निसटला आहे. साध्या विणींत असा टाका आंकडीनें ओढून वर आणतां येतो. परंतु जाळीच्या विणींत त्याच्या आजूबाजूस मोकळीं भोंकें असल्यामुळें त्याचा माग लागत नाहीं. मावशी ती शाल घेऊन मिशनघराच्या ओट्यावर बसल्या होत्या. मीं सहज म्हटलें, “मावशी, मूर्ति उंचावर आहे. एवढासा टाका खालून कोणाला दिसणार?” त्या म्हणाल्या, “फादर, दिसणार नाहीं हें खरं. पण पहिल्यांदा धुतली कीं तिथूनच उसवायला लागेल, आणि तेव्हां मी असेन कीं नाहीं कोणाला ठाऊक?” इतकें बोलून त्यांनीं सुई काढून घेतली आणि साडेतीन हजारांहून अधिक टाके माझ्यासमोर उसविले. मला त्या वेळीं लाज वाटली. तिचें कारण पुढें सांगेन; प्रथम ह्या विद्येचा इतिहास पाहूं.

आपल्या मराठी भाषेंत “विणणें” ह्या एकाच क्रियापदानें पुष्कळ कामें सांगतां येतात. विणकर कापड विणतो, कोळी जाळें विणतो, बुरूड टोपली विणतो, घरांत बाज विणली जाते, आणि दोन सुयांनीं लोकरीचा बनियनही विणलाच जातो. तथापि ह्या कामांत मोठा भेद आहे. मागावरच्या कापडांत उभे व आडवे असे दोन धागे परस्परांस ओलांडून जातात. सुयांवरच्या विणकामांत मात्र सर्व वस्त्र एकाच धाग्याचें असतें; त्याचा एक फांस दुसऱ्या फांसांतून ओढून घ्यावयाचा, एवढीच त्याची युक्ति. म्हणून तें अंगासरसें ताणलें जातें, आणि म्हणूनच एक टोंक सुटलें तर सगळें वस्त्र पुन्हां धागा होऊन जातें.

जाळीची विण ही ह्याच कामाची कठीण पायरी होय. सुईवर धागा नुसता पुढें घेतला कीं एक टाका वाढतो व त्या जागीं भोंक पडतें. शेजारचे दोन टाके एकत्र विणले कीं एक टाका घटतो. वाढ व घट ह्यांचा मेळ प्रत्येक ओळींत बसला पाहिजे. एका ठिकाणीं धागा पुढें घ्यावयाचा राहिला, तर ती चूक तेथेंच थांबत नाहीं. वरच्या प्रत्येक ओळींतील पान, फूल वा नागमोड एकेका टाक्यानें सरकत जाते. ह्याकरितां शहाण्या विणणाऱ्या स्त्रिया दर दहा-वीस ओळींनंतर निराळ्या रंगाचा एक साधा दोरा सर्व टाक्यांतून ओवून ठेवतात. पुढें कांहीं बिघडलें, तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवावें लागतें. आमच्या मावशींनीं हा दोरा घातला होता, म्हणून तर ११ ओळींवर निभावलें.

सुयांवरचें विणकाम फार प्राचीन नाहीं. उपलब्ध असलेले सर्वांत जुने नमुने ईजिप्त देशांतील असून ते सुमारें अकराव्या ते चौदाव्या शतकांतील सुती मोजे व तुकडे आहेत. युरोपांतील जुन्या नमुन्यांपैकीं एक आपल्या दृष्टीनें विशेष महत्त्वाचा आहे. स्पेन देशांत बुर्गोस शहराजवळ लास ऊएल्गास नांवाचा धर्मभगिनींचा पुरातन मठ आहे. तेथें राजपुत्र फेर्नांदो दे ला सेर्दा, जो १२७५ सालीं मृत्यु पावला, त्याच्या समाधींत रेशमानें विणलेल्या उशा मिळाल्या. त्यांचे टाके इतके बारीक व सारखे आहेत कीं, ही विद्या तेथें त्यापूर्वींच बरीच मुरलेली असली पाहिजे. मध्ययुगांत बिशपमहाशय उपासनेच्या वेळीं जे हातमोजे घालीत, तेही पुष्कळदां असेच विणलेले असत. तात्पर्य, ज्या थोड्या विणलेल्या वस्तु त्या काळापासून टिकून राहिल्या, त्यांतील कित्येक मंदिरांनीं व समाधींनींच सांभाळल्या.

त्याच सुमारास चित्रकारांनीं एक गोड कल्पना रंगविली. जर्मनींतील बुक्स्टेहूड येथील मठाच्या वेदीसाठीं मास्टर बेर्ट्राम ह्या चित्रकाराच्या हाताखालीं सुमारें १४०० सालीं तयार झालेलें एक चित्र आज हँबुर्ग शहराच्या संग्रहालयांत आहे. त्यांत पवित्र मरिया चार सुयांवर बाळ येशूचा झगा विणीत बसली आहे, बाळ खालीं खेळत आहे, आणि देवदूत दुःखभोगाचीं चिन्हें घेऊन जवळ आले आहेत. सुया चार असल्या म्हणजे वस्त्र वाटोळें, बिनशिवणीचें विणलें जातें. प्रभूच्या अंगावरील झग्यास शिवण नव्हती व शिपायांनीं तो न फाडतां त्यावर चिठ्ठ्या टाकल्या, हा संत योहानाच्या शुभवर्तमानांतील प्रसंग तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. मातेनें बाळपणीं विणलेलें वस्त्र तेंच पुढें कालवारीवर उतरविलें गेलें, असें चित्रकारास सुचवावयाचें आहे. पॅलेस्टाइनांत त्या काळीं असें सुयांवरचें विणकाम होतें असें कोणी समजूं नये. हा भक्तीचा अर्थ आहे, इतिहासाचा पुरावा नव्हे.

आतां जाळीकडे वळूं. मंदिरांत आपण जिला लेस म्हणतों, ती मुळांत सुयांवरची नव्हे. सोळाव्या शतकांत इटली व फ्लँडर्स ह्या प्रांतांत ती दोन प्रकारांनीं होऊं लागली: एक, शिवणाच्या सुईनें हवेंत टाके घालून, दुसरा, लहान लांकडी चात्यांवर गुंडाळलेले पुष्कळ धागे एकमेकांभोंवतीं फिरवून. धर्मगुरूंच्या शुभ्र झग्यास व वेदीच्या वस्त्रास हीच जाळी लागूं लागली.

ह्या व्यवसायांतील एक स्त्री आज आपल्या वेद्यांवर संत म्हणून पूजिली जाते, हें मात्र पुष्कळांस माहीत नसतें. बाळ येशूच्या संत तेरेजेची माता संत झेली मार्टिन ही फ्रान्स देशांतील आलांसाँ गांवीं सुईच्या जाळीचा व्यवसाय करीत असे. त्या जाळीचे लहान लहान तुकडे निरनिराळ्या स्त्रिया आपापल्या घरीं करीत. कोणी नुसती बाह्यरेषा, कोणी नुसती पार्श्वभूमि, कोणी नुसतें फूल. ते सर्व तुकडे एकत्र आले म्हणजे जोड दिसूं न देतां ते सांधणें हें सर्वांत शेवटचें व नाजूक काम, आणि तें झेली स्वतः करीत असे. १८५८ सालीं तिचा विवाह लुई मार्टिन ह्या घड्याळजीशीं झाला. पुढें त्यानें आपला धंदा विकून पत्नीच्याच व्यवसायास हातभार लाविला. तिला नऊ मुलें झालीं, त्यांतील चार बाळपणींच गेलीं, व उरलेल्या पांचही कन्या धर्मभगिनी झाल्या. २८ ऑगस्ट १८७७ रोजीं ती कर्करोगानें देवाघरीं गेली, तेव्हां धाकटी तेरेजा अवघी चार वर्षांची होती. १८ ऑक्टोबर २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं ह्या पतिपत्नीस एकाच वेळीं संतपद दिलें. ज्या तेरेजेस १९२७ सालीं मिशनकार्याची आश्रयदात्री ठरविण्यांत आलें, तिचें बाळपण असें दोऱ्यांच्या व सुयांच्या घरांत गेलें होतें.

लोकरीची, सुयांवर विणलेली जाळीदार शाल हिचें माहेर मात्र आणखी उत्तरेस आहे. स्कॉटलंडच्या पलीकडे समुद्रांत शेटलंड नांवाचीं वाऱ्यानें झोडपलेलीं बेटें आहेत. तेथील मेंढ्यांच्या मानेवरची अत्यंत मऊ लोकर न कातरतां हातानें उपटून काढीत, घरींच केसासारखी बारीक कांतीत, आणि तिच्या चौकोनी शाली विणीत. एकोणिसाव्या शतकांत ह्या शालींस मोठी कीर्ति मिळाली. सहा फूट लांब व तितकीच रुंद शाल लग्नाच्या अंगठींतून आरपार ओढून दाखवावी, ही तिची परीक्षा. आपल्याकडे ढाक्याच्या मलमलीविषयीं हीच गोष्ट सांगत असत, हें वाचकांस आठवेल. रशियांतील ओरेनबुर्ग प्रांतांतही शेळीच्या लवीच्या अशाच शाली होतात, व त्यांनाही अंगठीचीच कसोटी लावतात.

शेटलंडच्या ह्या कीर्तीची दुसरी बाजू सांगितल्यावांचून इतिहास पुरा होणार नाहीं. तेथील विणणाऱ्या स्त्रियांस व्यापारी रोख पैसे देत नसत; शालीच्या मोबदल्यांत चहा, कापड असा दुकानांतील माल गळ्यांत मारीत. एखाद्या विधवेस भाड्याला पैसे हवे असले, तर तिला मिळालेला चहा दुसरीकडे तोट्यानें विकून ते उभे करावे लागत. ह्या पद्धतीची सरकारी चौकशी होऊन १८७२ सालीं अहवाल प्रसिद्ध झाला, आणि त्यांत स्वतः त्या स्त्रियांच्या जबान्या छापल्या गेल्या. राजवाड्यांत ज्यांच्या शालींचें कौतुक होत होतें, त्यांचे शब्द असे चौकशीच्या कागदांत सांपडतात.

आपल्या देशांत “शाल” हा शब्द काश्मीरच्या मागावरील वस्त्रामुळें रूढ झाला. कोंकणपट्टींत लोकरीची गरजच कमी. पावसांत घोंगडी, थंडींत गोधडी, एवढ्यावर पिढ्यान् पिढ्यांचें भागलें. सुयांवरचें विणकाम व लेस हीं दोन्ही आपणांकडे मुख्यतः युरोपीय लोकांबरोबर, मिशनांच्या शाळांतून व मठांतून आलीं. जुन्या गोव्यांत १६०६ सालीं स्थापन झालेला संत मोनिकेचा मठ हा तेथील धर्मभगिनींचा पहिला मोठा मठ. आज त्याच वास्तूंत ख्रिस्ती कलेचें संग्रहालय असून मंदिरांतील जुनीं भरजरी वस्त्रें तेथें पाहावयास मिळतात. दक्षिणेंत नागरकोइल येथें एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत मार्था मॉल्ट ह्या मिशनरीपत्नीनें मुलींस लेस शिकविली. त्याच भागांतील मुळगुमुडु ह्या गांवीं १८९७ सालीं बेल्जम देशांतून मदर मारी लुईझ द मेस्तर आल्या. अनाथ मुलींचा सांभाळ हें त्यांचें पहिलें काम, आणि त्या मुलींना पोट भरण्याचें साधन म्हणून बेल्जमची लेस तेथें शिकविली गेली. आंध्रांतील नरसापूर येथेंही आंकडीनें विणलेल्या लेसचा मोठा धंदा मिशनच्या प्रेरणेनेंच सुरू झाला.

आपल्या प्रांतांत संत क्लोदीन तेवेने हिच्या “येशू-मरिया” संघाच्या भगिनी १८४२ सालीं प्रथम आग्र्यास आल्या व नंतर मुंबई-पुण्यास त्यांनीं शाळा काढल्या. त्या संघाचा उगमच फ्रान्समधील लियों शहरीं गरीब मुलींना रेशमाचें काम शिकविण्यांत झाला होता. पंथ निराळा असला तरी पंडिता रमाबाईंचें नांवही येथें घेतलें पाहिजे. १८९६-९७ च्या दुष्काळांतून वांचविलेल्या शेंकडों मुली व विधवा त्यांनीं केडगांवीं आणिल्या, आणि त्यांना नुसतें अन्न न देतां विणकाम, शिवणकाम, छपाई अशीं कामें शिकवून स्वतःच्या पायांवर उभें केलें. अशा शाळांतून शिकून बाहेर पडलेल्या मुलींनींच दोन सुया व लोकरीचा गुंडा घरोघर नेला. आमच्या मावशींनींही मुलींच्या वसतिगृहांत एका वृद्ध सिस्टरजवळ “एक सुई सुलट, एक सुई उलट” असे धडे घेतले. त्यांच्या आईचे हात मात्र कोळ्याच्या जाळ्याची फाटलेली गांठ दुरुस्त करण्यांत तयार झालेले होते. “आईचं जाळं मासे धरायला, माझं जाळं वारा धरायला,” असें त्या हंसून म्हणतात.

तथापि मिशनांनीं शिकविलें म्हणून सर्व चांगलेंच झालें, असें लिहिणें सत्यास धरून होणार नाहीं. मारिया मीस ह्या जर्मन विदुषीनें नरसापूरच्या लेसकाम करणाऱ्या स्त्रियांमध्यें राहून अभ्यास केला, व त्यावरील तिचें पुस्तक १९८२ सालीं प्रसिद्ध झालें. घरांत बसून दिवसाचे कित्येक तास काम करणाऱ्या ह्या स्त्रियांस “कामकरी” न समजतां “रिकाम्या वेळांत कांहीं करणाऱ्या गृहिणी” समजलें जाई. त्यामुळें त्यांची मजुरी अत्यल्प राहिली आणि नफा व्यापाऱ्यांकडे गेला, असें तिनें दाखविलें. जी गोष्ट शेटलंडमध्यें झाली तीच गोदावरीच्या तीरीं झाली. धर्मसभेनें हातांना काम दिलें, हें सत्य आहे. त्या हातांना योग्य मोल मिळतें कीं नाहीं हें पाहण्यांत आपण पुष्कळदां कमी पडलों, हेंही सत्य आहे.

मोलाची गोष्ट निघाली म्हणून आतां माझी स्वतःची कथा सांगतों. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मी एका निराळ्या धर्मग्रामांत नव्यानेंच रुजू झालों होतों. साक्रिस्तींतील पेटाऱ्यांत वेदीचीं जुनीं वस्त्रें निघालीं. त्यांच्या कांठास हातानें केलेली जाळी होती. ती पिवळी पडलेली होती व कोठें कोठें विरलीही होती. मला सर्व कांहीं नवें व नीटनेटकें हवें होतें. जीर्ण झालेलीं पवित्र वस्त्रें जाळावींत हा नियम मला पाठ होता. त्याप्रमाणें मीं तीं जाळविलीं आणि बाजारांतून यंत्रावरची चकचकीत लेस आणून नव्या वस्त्रांस लावविली. पुढच्या रविवारीं मिस्सा संपल्यावर एक वयस्क बाई वेदीजवळ आली, नव्या कांठाकडे बराच वेळ पाहत राहिली, आणि कांहीं न बोलतां निघून गेली. नंतर मला कळलें कीं, ती जाळी तिच्या आईनें तीन उपवासकाळांत मिळून केली होती. त्या आईचें दुसरें कांहींही ह्या जगांत उरलेलें नव्हतें. ना छायाचित्र, ना अक्षर.

नियम मीं मोडला नव्हता. परंतु जाळण्यापूर्वीं “हें कोणीं केलें?” एवढा एक प्रश्न विचारावयाचा मला सुचला नाहीं. एक वीतभर तुकडा त्या बाईस देतां आला असता. त्यांत दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता, माझाच होता, आणि ज्या दिवशीं मावशींनीं ओट्यावर बसून ११ ओळी उसविल्या, त्या दिवशीं “कोणाला दिसणार?” हे माझे शब्द माझ्याच कानांस ओळखीचे वाटले. पूर्वींही मीं जें दिसतें तेवढेंच पाहिलें होतें.

असो. शाल पुरी कशी झाली तें सांगून हा लेख आटोपतों. शेवटच्या ओळीचे टाके बंद करतांना ते सैल ठेवावे लागतात. घट्ट ओढले तर कांठ आंखडतो व सारी शाल वाटीसारखी होते. मावशींनीं ४०१ टाक्यांना लागून विणलेल्या कांठाचा अखेरचा टाका बंद केला आणि धागा कापला, तेव्हां मुलींनीं टाळ्या वाजविल्या. परंतु हातांत जें होतें तें पाहून त्यांची थोडी निराशाच झाली. सुरकुतलेलें, गोळा झालेलें, एखाद्या जुन्या फडक्यासारखें तें दिसत होतें. “अजून शाल व्हायची आहे,” असें मावशी म्हणाल्या.

जाळीदार विणकामाचें खरें समापन सुयांवर होत नाहीं, तें पाण्यांत होतें. शेटलंडच्या स्त्रिया शाल धुऊन लांकडी चौकटीवर ताणून बांधीत. चौकट नसेल तेथें जमिनीवर पसरून खुंट्या लावीत. ओली असतां लोकर ताणाप्रमाणें वळते, आणि ताणलेलीच वाळली म्हणजे तो आकार धरून राहते. मग आजवर मिटलेलें प्रत्येक भोंक उघडतें. परंतु आपल्या कोंकणांतील पावसाळ्यांत काय वाळणार? माथेरानच्या डोंगरावरून ढग उतरत होते, गाढी नदी भरून चालली होती, आणि घरांतील मीठसुद्धां पाझरत होतें. मावशी दोन महिने थांबल्या. ऊन पडूं लागल्यावर एके सकाळीं त्यांनीं ती शाल रिठ्याच्या कोमट पाण्यांत बुडविली, न पिळतां पंचांत गुंडाळून दाबली, आणि सभागृहांत दोन गाद्यांवर स्वच्छ चादर घालून तीवर पसरली. मग गुडघे टेंकून, दोऱ्यानें माप घेत, एकेका टोंकाला टांचणी लावीत त्या चारी बाजूंनीं फिरल्या. जी शाल चार फूट वाटत होती ती सहा फुटांची झाली. हळूहळू पानें दिसूं लागलीं, पानांत शिरा दिसूं लागल्या. दुपारीं टांचण्या काढून दोघींनीं ती उचलली, तेव्हां खिडकींतल्या उजेडांत तिच्यांतून पलीकडचा क्रूस दिसत होता. उसविलेली जागा कोठली हें मीं शोधलें. मला तें सांगतां आलें नाहीं.

मीं शेटलंडच्या अंगठीची गोष्ट मुलींना सांगितलेली होतीच. त्यांनीं हट्ट धरला, तेव्हां मावशींनीं बोटांतील आपली लग्नाची अंगठी साबण लावून काढली. शालीचें टोंक आंत घातलें. निम्मी शाल सरसर निघून गेली, आणि कांठापाशीं येऊन अडली. आपल्या बाजारांतली लोकर शेटलंडच्या मेंढीच्या मानेवरची नव्हे! मुली हिरमुसल्या, मावशी मात्र खूप हंसल्या. “मरियाबाईला थंडी वाजायला नको, थोडी जाडच बरी,” असें म्हणून त्यांनीं अंगठी पुन्हां बोटांत घातली.

ह्या स्मरणिकेंत त्यांचें नांव छापावें अशी माझी इच्छा होती. त्यांनीं हात जोडून नको म्हटलें, व मीं तें मानलें. परंतु त्यांच्याच संमतीनें एक गोष्ट केली आहे. साक्रिस्तींत एक नवी वही ठेविली आहे. मंदिरांत हातानें केलेली कोणतीही वस्तु आली, मग ती जाळी असो, फुलांची माळ असो कीं सुताराचें चौरंगाचें काम असो, ती कोणीं केली, कोणाकडून शिकली व किती दिवस लागले, तें त्या वहींत लिहावयाचें. पहिल्या पानावर ह्या शालीची नोंद आहे, आणि तिच्याखालीं, मला जेवढें आठवतें तेवढें, त्या जळून गेलेल्या जाळीचीही नोंद मीं केली आहे. माझ्यामागून येणाऱ्या धर्मगुरुबंधूंस माझी विनंति आहे कीं, पेटारा रिकामा करण्यापूर्वीं त्यांनीं ती वही उघडावी. आणि धर्मग्रामवासी भगिनींनो, तुमच्या घरीं आईची, आजीची अशी एखादी वस्तु असेल, तर तिची हकीकत येत्या रविवारीं येऊन सांगा. लिहून घेण्यास मी बसलेला आहें.

आपल्या सर्वांच्या हातच्या कामावर परमेश्वराचा आशीर्वाद असो, आणि ज्या हातांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत त्यांना तो आपल्या सन्निध चिरविश्रांति देवो.